आरपार न दिसणारा तुकडा

मेणताईच्या हाताखाली माणसाचा तुकडा काचेसारखा व्हायचा. नखाएवढा, मळकट, कुणाच्या तरी पोटातला नाहीतर मानेतला. झायलीन नावाच्या रसायनात बुडवला की तो हळूहळू निवळायचा आणि बरणीमागची फरशीची रेघ त्याच्यातून दिसू लागायची. रेघ दिसली की ताई तो उचलून वितळलेल्या मेणात सोडायची. मेण गोठल्यावर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप, मग काच, रंग आणि डॉक्टरीणबाईंचा मायक्रोस्कोप. गाठ साधी की वाईट, ते तिथं ठरायचं.

ताई माझी मावसबहीण. प्रयोगशाळेतल्या या टेबलावर तिचा जीव, आणि तिथलंच झायलीन तिचं डोकं खात होतं. वास गोडसर, लबाड, रंगाच्या थिनरसारखा. दुपार कलली की खोली पाण्याखाली गेल्यासारखी व्हायची, भिंती दूर सरकायच्या, कुणी हाक मारली तर ती विहिरीतून यायची. झोपेत तर सगळेच आरपार. एकदा तिला तिच्या सासूबाई दिसल्या, ओट्याशी उभ्या, आणि त्यांच्यातून मागची कपबशी.

"माझ्या पोटात काय दिसलं म्हणालीस?" सासूबाईंनी विचारलं.

"कपबशी."

"भरलेली होती ना? मग ठीक."

पण रोज संध्याकाळी याच सासूबाई तिला दारात अडवायच्या. "आधी केस धू. सून आणली होती, घरात रंगारी शिरतो."

प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांचा तोडगा तयार होता: मास्क लावा, जमत नसेल तर नोंदणीच्या खिडकीवर बसा. सांगणाऱ्याची खोली वरच्या मजल्यावर, वाऱ्याशी. माझं टाळकं फिरलं. म्हटलं, चल, फाटकावरच धरणं धरून बसू.

"तू बस," ताई म्हणाली. "मला दुसरा रस्ता करून बघायचाय."

झायलीनशिवायचा रस्ता. वेगळ्या जातीचं अल्कोहोल, त्यात थोडं बिनवासाचं तेल, मग थेट मेण. डॉक्टरीणबाईंनी त्याबद्दल वाचलं होतं आणि त्या हो म्हणाल्या, पण एका अटीवर: आधी खाटकाकडचं काळीज, पेशंटचं काही नाही. जमलं तर टेबल, नाहीतर खिडकी.

"नखाएवढं काळीज?" खाटीक म्हणाला. "ताई, जेवायला मुंग्या येणारेत का?"

"हो. त्याही नखरेल."

पहिला तुकडा बरणीत सोडून ताई रेघ दिसायची वाट बघत बसली. रेघ दिसेना. तुकडा धुक्यात बसल्यासारखा मंद, पिवळट. अजून थोडा वेळ, अजून थोडा. कापायला घेतला तर वाळक्या पावासारखा भुगा. दुसऱ्याचंही तेच.

"कशासाठी ठेवता इतका वेळ?" बाईंनी विचारलं.

"दिसायला हवं ना."

"यात नाही दिसायचं. तरी त्याचं काम होतं. जास्त ठेवला की तुकडा ठिसूळ."

कळलं, पण वळेना. इतक्या वर्षांची नजर, ती काय सांगून ऐकते? शेवटी ताईने बरणीवर चक्क फडकं टाकलं आणि पाठ करून बसली. घड्याळ वाजल्यावरच वळली.

त्या दिवशी पात्यावरून कापांची सलग फीत निघाली ती तुटलीच नाही. कोमट पाण्यावर ती पसरली, किंचित थरथरली, सुरकुती आपोआप उलगडली. खिडकीतला उजेड तिच्यावर येऊन पडला. ताई म्हणते, तेव्हा तिच्या श्वासाने फीत हलत होती म्हणून ती श्वास धरून होती; किती वेळ, देव जाणे.

काचेवरचं मेण उतरवायलाही झायलीन नको होतं. कडकडीत पाण्यात भांड्यांचा साबण. "ओट्यापासून सुटले म्हणून इथं आले," ताई पुटपुटली, "तर साबण माझ्या आधी हजर."

बाईंपुढे दोन काचा ठेवल्या, एक जुन्या रस्त्याची, एक नव्या. कुठली कुठली, ते सांगितलं नाही. बाई बराच वेळ वाकून होत्या.

"नवी डावीकडची."

ताईने डावीकडची काच उचलून मागची खूण बघितली.

"चुकले?"

"चुकलात."

"मग जमलं की." बाई हसल्या. पुढं ज्या पेशंटचे जास्तीचे तुकडे असत, त्यांचे दोन्ही रस्त्यांनी करून पडताळले. मगच झायलीनची बाटली टेबलावरून गेली. ताई टेबलावरच राहिली.

पहिल्याच संध्याकाळी सासूबाई नेहमीसारख्या दारात. हात आडवा, नाक पुढं. मग हात हळूच खाली.

"आज कामाला गेली नव्हतीस का गं?"

ताई आत शिरली, तशीच, केस न धुता, आणि जरा पडली. झोपेत सासूबाई पुन्हा ओट्याशी उभ्या होत्या. त्यांच्यातून मागचं काही दिसत नव्हतं. तिने सरकून बघितलंही नाही.