माझी सही, बाप्याचा हात

हसायचं तर हसा, पण चहा सांडू नका. आणि चूक माझी नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या गिरगावच्या चाळीत बँकेत खातं असलेला मी पहिला. आई पैसे तांदळाच्या डब्यात ठेवायची. मी तिला पटवलं, की बँकेत भरले की वर व्याज मिळतं, आणि मागितले की लगेच हातात. तिने डबा रिकामा करून सगळे माझ्या नावावर भरायला दिले.

खातं उघडताना जाळीमागचा म्हातारा कारकून म्हणाला, "इथे नमुन्याची सही करा. पैसे काढताना हीच लागेल."

सही मी जन्मात केली नव्हती. पण खातेदाराने काय साधं नाव लिहायचं? तीन गिरक्या, एक फराटा, आणि शेपूट असं, की पतंगाने मान खाली घालावी. त्याच संध्याकाळी चाळीच्या जिन्यात कोळशाने काढून सगळ्यांना दाखवलीसुद्धा.

तेव्हापासून माझा दोस्त बाप्या मला चिडवायला रोज तीच सही भिंतीवर काढायचा. मी पुन्हा नाही काढली. खातेदार माणूस जिने रंगवत बसतो का?

मग ताईचं डोहाळेजेवण ठरलं. आदल्या दिवशी आईने हिरव्या लुगड्यासाठी पैसे मागितले. बाप्याला घेऊन मी ऐटीत बँकेत गेलो आणि सही ठोकली.

कारकुनाने ताडून पाहिली. "ही तुमची नाही."

"अहो, हात माझा, दौत तुमची. मग सही कुणाची?"

"नमुन्यात गिरक्या तीन आहेत. इथे चार."

पुन्हा केली, दोनच आल्या. मग शेपूट कागद ओलांडून टेबलावर गेलं. मी म्हटलं, नमुनाच चुकलाय, तो बदला. कारकून पट्टेवाल्याला हाका मारायला लागला. घरी आई लुगड्याची वाट बघतेय, आणि इथे मी मीच आहे हे कुणी मानेना.

"आण रे इकडे," म्हणत बाप्याने टाक ओढला आणि एका झटक्यात सही काढली.

कारकुनाने चष्मा वर करून पाहिली, खाली करून पाहिली. "हां, जुळली." त्याच्या लेखी सही जुळली की माणूस जुळला. पैसे बाप्याच्या हातात ठेवून त्याने माझ्याकडे बोट केलं. "आणि हे कोण?"

"आमच्या चाळीतलाच आहे," बाप्या म्हणाला. "सांभाळून घ्या. दुसऱ्यांच्या नावाने सह्या करत हिंडतो."

लुगडं आलं. पण तेव्हापासून पैसे काढायचे तर आधी बाप्याला भजी चारावी लागतात. आई म्हणते, सही बदल. का बदलू? सही माझीच आहे. फक्त ती बाप्याला येते.