शशिकला आणि खिडकीवरच्या रेषा

शशिकला वाघमारे छापलेला कागद टेबलावर ठेवून कधी बघायची नाही. प्रिंटरमधून कागद निघाला की ती थेट खिडकीशी जायची, चार-पाच कागद एकावर एक जुळवून काचेवर दाबून धरायची आणि उन्हात उजळलेल्या रेषांकडे डोळे बारीक करून बघत राहायची. नव्वदनंतरची ती पहिली वर्षं. परभणीतल्या एका तंत्रनिकेतनात आम्ही दोघी इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो.

सर्किट जोडण्याआधी ते कॉम्प्युटरवर चालवून बघता येतं, हे आमच्या विभागाला तिनंच दाखवलं. एकाच कारखान्यातून निघालेले ट्रान्झिस्टरही सारखे नसतात. काही चपळ, काही मंद. त्यात कधी कडक ऊन, कधी थंडी, कधी वीज भरपूर तर कधी मरतुकडी. अशा टोकाच्या परिस्थितींना आमच्या विषयात ‘कॉर्नर’ म्हणतात. ती कोपरे म्हणायची. प्रत्येक कोपऱ्यात सिग्नल कसा चढतो, कधी उतरतो, त्याची रेषा छापायची आणि सगळ्या रेषा एकमेकींवर ठेवून ताडून बघायच्या.

“मधल्याचं काय कौतुक,” ती म्हणायची, “ते नीटच चालतंय. कोपऱ्यात कोण मरायलाय ते बघ.”

वर्गात ती स्वच्छ प्रमाण मराठी बोलायची. माझ्याशी मात्र घरच्यासारखं. मी पोखर्णीची, शेतकऱ्याच्या घरातली. ती बौद्ध, जिंतूरकडच्या एका खेड्यातली. आम्ही दोघींनी मिळून खोली शोधायला सुरुवात केली, तेव्हा ती दारातच सांगून टाकायची, “मी वाघमारे. चालत असंल तर खोली बघते.” मला कानकोंडं व्हायचं. ती हसायची. “आत जाऊन, पाणी पिऊन मग नकार ऐकायचा, त्यापेक्षा हे बरं न्हाई का?” तिसऱ्या दारी एका मुसलमान बाईंनी आम्हाला माडीवरची खोली दिली.

विद्यापीठाच्या नामांतरावरून पहिलं वादळ उठलं, त्यात तिच्या गावातली बौद्धांची घरं जाळली गेली. तेव्हा ती शाळेत होती. त्याबद्दल ती माझ्याजवळ एकदाच बोलली. “आई राखंत दाराची कडी हुडकायली होती. दारच न्हाई राहिलं, अन् कडी हुडकायली.” एवढं सांगून ती भाकरी थापायला बसली.

पाथरीच्या एका डॉक्टरांना कमी दिवसांच्या बाळांसाठी ऊबेची पेटी हवी होती. ती बनवायचं काम आमच्या विभागानं घेतलं. आतली हवा ठरल्यापेक्षा तापली की हीटर बंद व्हायला हवा, त्याचं सर्किट शशिकलेकडं होतं. पेटी तयार झाली. टेबलावर आठवडाभर बिनतक्रार चालली. विभागप्रमुखांनी पेटी देण्याचा समारंभ ठरवला, पाहुणे बोलावले, हारसुद्धा सांगून ठेवले.

आदल्या दिवशी ती खिडकीशी उभी होती. मला तिनं हाक मारली. सगळ्या रेषा एकाच जागी वर चढत होत्या. एक मागं रेंगाळली होती. मंद ट्रान्झिस्टर, पडलेलं व्होल्टेज आणि मे महिन्यातलं ऊन. त्या कोपऱ्यात हीटर बंद करणारा सिग्नल पुरता चढायच्या आतच पुसला जात होता. हीटर चालूच राहणार होता.

सर चिडले. “मॅडम, कॉम्प्युटर काहीही म्हणेल. समोर चालतंय ना?”

“सर, आत्ता फेब्रुवारी आहे.”

“तसं एखाद्याच वेळी होणार!”

“त्या वेळी आत लेकरू असेल, सर.”

ती आवाज न चढवता बोलली, पण पेटीचं झाकण तिनं हाताखालून सोडलं नाही. मग स्वतःच डॉक्टरांना फोन लावून पेटी उद्या मिळणार नाही म्हणून सांगितलं. समारंभ बारगळला. सर कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. स्टाफरूममध्ये कुणीतरी पुटपुटलं, “यांना हल्ली लय जोर आलाय.” तिनं ते ऐकलं. चहा संपवला, कप विसळला आणि कॉम्प्युटरपुढं जाऊन बसली. सर्किटचा तो भाग तिनं नव्यानं मांडला आणि सगळे कोपरे पुन्हा पहिल्यापासून तपासले.

मे महिन्यात पेटी पाथरीला गेली. एस्टीतून शशिकलेबरोबर मीही गेले. भर दुपारी व्होल्टेज इतकं पडलं की बल्ब लालसर झाला, पंख्याची पाती मोजता येऊ लागली. रिकाम्या पेटीतला थर्मामीटर चढत गेला. शशिकलेनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. मग ‘टक्’ आवाज झाला आणि हीटर बंद झाला. संध्याकाळी डॉक्टरांनी पेटीत एक मुलगी ठेवली, ओंजळीत मावेल एवढी. तिच्या आजीनं शशिकलेला विचारलं, “तुमी डाक्टरीण का वो?”

“न्हाई वो मावशी,” ती म्हणाली, “मी नुस्त्या रेषा बघते.”

नामांतर झालं त्याच वर्षी तिला बंगळूरला, चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली. “तू बी चल,” ती म्हणाली होती. माझं लग्न ठरलं होतं. स्टेशनवर मला म्हणायचं होतं, जाऊ नकोस. म्हटलं एवढंच, “पोचल्यावर फोन कर.” ती गेल्यावर माडीवरच्या खोलीत मी महिनाभर राहिले. भाजी रोज दोघींची व्हायची.

पुढं ती आजारी पडल्याचं कळलं, तेव्हा मी बंगळूरला गेले. दवाखान्यात तिच्या उशाशी बसले. तिला फार बोलवत नव्हतं. काय हवं ते विचारलं, तर म्हणाली, “बोल की. आपल्याकडल्यासारखं बोल. इथं कुणी ‘करायलाय’ म्हणत न्हाई.”

मी बोलू लागले. कोण काय करायलाय, कुठं रस्ता व्हायलाय, झरीच्या बाजाराला वांगी कशी यायलीत, माझा पोरगा कसा हट्ट करायलाय. ती डोळे मिटून हसत होती. थोड्या वेळानं तिचा श्वास संथ झाला, झोप लागली. नर्सनं मला खुणेनं बोलणं थांबवायला सांगितलं.

मी आवाज बारीक केला आणि बोलत राहिले.