तिरकिटपाशी अडलेली बोटं

चाळिशी ओलांडल्यावर मी तबला शिकायला लागले आणि पहिल्याच कायद्यात, म्हणजे रियाजासाठीच्या ठरलेल्या बोलरचनेत, ‘तिरकिट’ या बोलापाशी अडले. सावकाश वाजवलं की जमायचं. लय जरा वाढली की उजवा हात डाव्याला सोडून पुढे पळायचा.

खांदा कॉलनीतल्या आमच्या क्लासचे सर शांत स्वभावाचे. ते म्हणाले, रोज अख्खा कायदा घोकू नका. कधी तबल्याला हात न लावता टाळी धरून बोल नुसते तोंडानं म्हणा. कधी एकटा डावा वाजवा. कधी अडतं तेवढाच तुकडा घ्या.

मी सगळं केलं, पण कशातच मन ठरेना. डावा वाजवायला बसावं, तर उजवा मागे पडतोय असं वाटायचं. बोल म्हणत भाजी चिरायला घेतली, की सुरीच सुसाट सुटायची. ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली बोटं चालू असायची. साहेबांनी एकदा विचारलंसुद्धा, मॅडम, बरं वाटत नाहीये का? मोबाईलवर स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड केलं, तर ते ऐकवेना.

एका रविवारी दुपारी सासूबाई पेटी घेऊन समोर बसल्या. लग्नाआधी त्या शिरढोणला भजनात पेटी वाजवायच्या. त्यांनी सोळा मात्रांची एक साधी ओळ धरली आणि तीच पुन्हा पुन्हा वाजवत राहिल्या. मी पुढे धावले, त्यांनी भाता थांबवला. पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. माझा जीव कासावीस झाला.

“आई, तुम्हीच जरा लय वाढवा ना,” मी म्हटलं.

“माझं तू ऐकतच नाहीस गं. नुसती संपायची वाट बघतेस.”

मला ते लागलं. हात मांडीवर ठेवून मी थोडा वेळ फक्त त्यांची ओळ ऐकली, मनातल्या मनात बोल म्हटले आणि मग वाजवलं. काही आवर्तनं नीट बसली. नंतर पुन्हा बिनसलं, पण कुठे बिनसलं ते या वेळी कळलं. तेव्हापासून जमेल तशा संध्याकाळी आम्ही दोघी बसू लागलो.

मी हे सरांना सांगितलं, तेव्हा क्लासच्या छोट्या कार्यक्रमात त्यांनी माझ्या साथीला पेटीवर आईंनाच बसवलं. वाजवताना हात धावला नाही, असं म्हणता येणार नाही. पण पेटी ऐकू येत होती, म्हणून मागे फिरता आलं. शेवटच्या समेवर आम्ही दोघी एकत्र आलो. खाली उतरताना आईंनी माझा दंड धरला आणि हळूच म्हणाल्या की, त्यांच्याही छातीत धडधडत होतं.