गुरुवारची तपासणी

आमचा प्रकल्प उत्तम झाला असं कुणी म्हटलं की अजून माझं डोकं फिरतं. सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला एखाद्या गरीब वस्तीत सहा महिने काम करावं लागे. मी प्रमुख होते, माझ्या हाताखाली दोघं होती. ‘हाताखाली’ हा शब्द मला तेव्हा फार आवडायचा. विषय मीच निवडला, शेतमजूर बायकांचा मधुमेह आणि त्यांचे पाय. गावही मीच निवडलं. पापनाशमच्या अलीकडे आमची पिढीजात भातशेती आहे, ती माझे काका बघतात. त्यांच्या घराला रुंद ओटा, ओट्यावर पंखा, आत सामान ठेवायला खोली. तंजावूरहून सकाळची बस धरली की नऊपर्यंत आम्ही ओट्यावर टेबल मांडून बसलेले असायचो. मार्गदर्शक बाईंनी तर ‘स्थानिक सहकार्य’ या रकान्यात मला पैकीच्या पैकी गुण दिले.

साखर बरीच वर्षं अंगात मुरली की तळपाय बधिर होतात. काटा रुतला तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही. जखम आतल्या आत चिघळते आणि मग पाय कापायची वेळ येते. ते तपासायला आम्ही बाईला डोळे मिटायला सांगायचो आणि नायलॉनचा जाडसर दोरा तळपायाला टेकवून विचारायचो, कळलं का? सगळ्या म्हणायच्या, कळलं. मी दोरा टेकवलेला नसला तरी कळलं. त्यांना वाटायचं ही परीक्षा आहे, आणि नापास झालं तर अय्यांच्या पुतणीला राग येईल. अय्या म्हणजे मालक, माझे काका. राग मला यायचाच.

सगळ्यात जास्त राग यायचा तो एका बाईचा. पन्नाशीची, उंच, आवाज मोठा. लावणीच्या दिवसांत दहा बायकांची टोळी तिच्या शब्दावर वाफ्यात उतरायची आणि तिच्या शब्दावर बाहेर यायची. माझ्या रांगेतही तीच हुकूम सोडायची, तू पुढे हो, तू बस. एका ओट्यावर दोन प्रमुख मला चालणार नव्हते. ती माझ्या आईच्या वयाची, पण मी तिला तमिळमध्ये सरळ एकेरीत बोलायचे. त्या घरात लहानपणापासून तसंच ऐकलं होतं. ती मला ‘पाप्पा’, म्हणजे बाळ, म्हणायची आणि तरी अहोजाहो करायची. तिच्या उजव्या पायाची करंगळी आधीच गेली होती आणि ती कितीही ‘कळलं’ म्हणाली तरी त्या पायाला दोरा अजिबात कळत नव्हता. तो पाय वाचवायचा, हे मी कागदावर लिहून घेतलं होतं. त्या पायावर तिची टोळी उभी होती, आणि टोळीवर घर.

बधिर पायांसाठी मऊ रबरी तळाच्या चपला मिळतात. चाळीस जोड मागवून आम्ही वाटले. महिन्याभराने चपला आणून दाखवायला सांगितल्या, तर कित्येकींच्या तळांना झीज म्हणून नाही. टोळीवालीचे तर नव्यासारखे. मी सगळ्यांदेखत तिला झापलं. फुकट मिळालं की किंमत राहत नाही, पाय गेला तर माझ्याकडे रडत येऊ नकोस, असलं बरंच काही. ती खाली गल्लीत उभी, मी वर ओट्यावर. मला वाटलं, बरी जिरवली.

ती शांतपणे म्हणाली, “पाप्पा, तुम्हीच आमच्याकडे या ना. रेशन दुकानाच्या पडवीत बसा.”

मी म्हटलं, तिथे पंखा नाही, वजनकाटा ठेवायला सपाट जमीन नाही. पुढच्या खेपेला तिने पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी चिडून म्हटलं, औषध हवंय ना, मग चार पावलं चालायला काय होतं? तिने पुन्हा विचारलं नाही.

मार्गदर्शक बाईंचं मत पडलं, सूचनांचं पालन होत नाही, तेव्हा जास्त धोका असलेल्यांना दर आठवड्याला बोलवा. मी गुरुवार ठरवला, दुपारी दोनची वेळ. वैशाखाचे दिवस होते. शेतात काही नव्हतं, बायका सरकारच्या शंभर दिवसांच्या कामावर जायच्या आणि दोनला सुटायच्या. त्यांचा एक पैसा बुडू नये म्हणून मी ती वेळ काढली, आणि त्याचा मला केवढा अभिमान! टोळीवाली तीन गुरुवार वेळेवर आली. पाय दाखवायची, साखर तपासून घ्यायची, गोळ्या पदरात बांधून निघून जायची. चौथ्या गुरुवारी आली नाही.

मी तणतणत तिला आणायला निघाले. कालव्यापलीकडे त्यांची वस्ती. पाच महिने त्या गावात काम करून मी तिच्या दारात पहिल्यांदाच जात होते, तेही भांडायला. ती चटईवर पडली होती, अंगात ताप. दोन्ही तळव्यांना मोठाले फोड येऊन गेले होते. डावा सुकत होता. उजवा फुटून काळा पडला होता, आणि खोलीत तो वास होता जो एकदा ओळखला की विसरत नाही.

“कसं झालं हे?”

“झालं,” ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

तिची मुलगी पापनाशमला शिवणकामाच्या दुकानात जायची. ती दारात उभी होती. ती म्हणाली, “गल्लीत झालं.”

“कुठल्या गल्लीत?”

“तुमच्या काकांच्या. आणखी कुठल्या? दुपारी दोनला त्या सिमेंटवरून अनवाणी चालून बघा. आम्हाला निदान पोळतं तरी, म्हणून आम्ही पळतो. हिला पोळलेलं कळत नाही, ही रमतगमत येते.”

“मग चपला कुठे होत्या?”

“गल्लीच्या तोंडाशी, पंपाजवळ. सगळ्यांच्या तिथेच असतात. अय्या ओट्यावर असताना कोण घालून येणार?”

पंपाजवळचा तो ढीग मी पाहिला होता. देवळाबाहेर असतो तसा ढीग, आणि मला तो तितकाच साधा वाटला होता. त्या गल्लीत या बायकांना मी जन्मापासून अनवाणीच पाहत आले होते. पायांवर प्रकल्प करणारी मी, मला त्यांचे पाय दिसले आणि पायांत काही नाही हे दिसलं नाही. वर दर गुरुवारी भर उन्हात मीच तिला बोलावून घेतलं होतं. घरी बसली असती तर पाय राहिला असता.

ऑटोत घालून तिला तंजावूरला सरकारी रुग्णालयात नेलं. उजव्या पायाचा पुढचा अर्धा भाग कापला.

त्याच आठवड्यात मी काकांशी भांडले. पिढ्यानपिढ्या तंजावूरकडे राहिलेल्या आमच्या घरातल्या मराठीत भांडणसुद्धा जुन्या पोथीतल्यासारखं वाटतं, पण मी ओरडत होते.

“मी कोणास सांगितलों नाहीं,” काका म्हणाले. “अस्कं त्यांचं तेच करतात. घालूंन येवोत कीं, मज काय?”

“मग हेंच ओट्यावरून मोठ्यानं सांगा. एकदांच.”

“मी कां सांगूं? सांगितलों तर आजवर मींच नको म्हटलों होतों असं होतें.”

ते चिडलेही नव्हते. मला बसायला पाट सरकवत होते. मी म्हटलं, मग प्रकल्पाचं सामान उद्या इथून हलवते. ते म्हणाले, हलव. मी खरंच हलवलं, रेशन दुकानाच्या पडवीत, आणि सपाट जमीन नसलेल्या त्या पडवीत एक फरशी टाकली की काटा नीट बसतो हे मला पाच मिनिटांत समजलं. शेवटचा महिना बायका चपला घालून आल्या. अहवालात चपला वापरणाऱ्यांचा आलेख झपकन वर गेला आणि आमचं कौतुक झालं.

राहिला एक फॉर्म. ज्यांना इजा झाली त्यांच्यासाठी वेगळा, त्यात ‘इजेचं कारण’ असा रकाना. मी खरं ते लिहिलं, आम्ही ठरवलेल्या वेळी, आमच्या बोलावण्यावरून, माझ्या काकांच्या घरासमोरून अनवाणी चालल्याने. बाईंनी ते वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, “पास व्हायचंय ना?” मग लाल पेनाने खोडून वर लिहिलं, ‘पादत्राणे वापरली नाहीत.’ यात खोटं काय आहे, म्हणाल्या. मी दोन दिवस फुरंगटून बसले आणि तिसऱ्या दिवशी तेच वाक्य रुग्णाला वाचता यावं म्हणून तमिळमध्ये स्वच्छ अक्षरात उतरवलं.

नियमाप्रमाणे रुग्णाची सही हवी होती. मी वस्तीत गेले. टोळीवाली दारात पाय लांब करून बसली होती, पायाला जाड पट्टी. टोळी आता दुसरीच कुणी चालवत होती. मुलीने फॉर्म माझ्या हातून घेतला आणि मोठ्याने वाचला, एकेक शब्द. वाचून झाल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली. मी नजर वळवली.

“बरोबर आहे,” आई म्हणाली. “नव्हत्याच घातल्या मी. कुठे करू सही?”

मी जागा दाखवली. तिने सावकाश, अक्षर जोडत सही केली. फॉर्म परत देताना मुलगी पहिल्यांदाच मला एकेरीत बोलली.

“आणि तुझा काका कुठे सही करणार?”

 मी फॉर्म घडी न घालता पिशवीत ठेवला, दाराबाहेर काढलेल्या चपला पायांत घातल्या आणि कालवा ओलांडून काकांच्या गल्लीत शिरले. दुपारची वेळ होती. चपला फटफट वाजवत, भर गल्लीतून, त्या सिमेंटवरून मी चालत गेले आणि मला कुणी काही म्हणालं नाही. काका ओट्यावर बसले होते. त्यांनी मान वर करून विचारलं, “जेवण झालें कां?”

नाही म्हटलं. आत गेले आणि जेवले.