न धरलेला पाय

माझ्या संशयी स्वभावाला घरचे कंटाळलेत. दुधाचा थेंब नखावर घेऊन बघितल्याशिवाय मी दूधवाल्याला सोडत नाही, आणि कुणी उगाच गोड बोललं की त्याचं काय काम अडलं असेल, हे शोधत दिवसभर बसतो. वेल्ह्यात हायस्कूलला पी.टी. शिकवण्यात सगळी नोकरी गेली. कवायत चुकवायला पोटदुखीचं सोंग करणारी पोरं ओळखता ओळखता नजरच तशी झाली. तरुणपणी मातीत कुस्त्या केल्या होत्या, त्यामुळे निवृत्तीनंतर आसपासच्या जत्रांमध्ये मला पंच म्हणून बोलावणी यायला लागली. "सर असले की नुरा होत न्हाई," असं लोक म्हणायचे. नुरा म्हणजे दोघांनी आधीच ठरवून केलेली खोटी कुस्ती. लोकांचं हे बोलणं मला फार आवडायचं, आता लपवून काय करू.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कामथडीच्या बाजूच्या एका गावची चैत्रातली जत्रा. शेवटची कुस्ती लागायची होती. एक पैलवान साताऱ्याकडचा आणि दुसरा हिर्डोशीच्या वरच्या अंगाचा, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, मानेने जाड, बोलायला मुखदुर्बळ. निवेदकाने भोंग्यावर त्याची 'राज्याचा चॅम्पियन' अशी ओळख करून दिली. कसला चॅम्पियन, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. हल्ली चॅम्पियन गल्लोगल्ली भेटतात, एवढंच मनात आलं.

हलगी कडाडली, सलामी झाली. हिर्डोशीचा गडी ताकदीला वरचढ होता. छातीला छाती लावून समोरच्याला मागे रेटत होता. तेवढ्यात सातारकराचा डावा पाय पुढे आला, अगदी ताटात वाढल्यासारखा. अशा वेळी पट काढायचा, म्हणजे वाकून पाय ओढायचा आणि माणूस पाडायचा, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. ह्याने पायाकडे बघितलं आणि हात वरच ठेवले. माझ्या मनात पाल चुकचुकली. थोड्या वेळाने पाय पुन्हा आला, ह्याने पुन्हा सोडला. तिसऱ्या वेळी तर सातारकर घसरून गुडघ्यावर आला. ह्याने त्याच्या बगलेत हात घातले आणि त्याला चक्क उभं केलं.

मैदान ओरडायला लागलं, "नुरा, नुरा." मी शिट्टी मारली आणि निवेदकाच्या हातातला माईक घेतला. म्हटलं, "ही कुस्ती ठरवून चालली आहे. मी डोळ्यांनी बघतोय. दोघांनी मैदान सोडावं."

सातारकर शिव्या देत निघून गेला. हिर्डोशीचा माझ्याजवळ आला. "सर, माजी कुस्ती वरची हाय. कमरंखाली हात लावत न्हाई आमी."

"सबबी घरी जाऊन सांग," मी म्हणालो. माईक चालूच होता. हजारभर माणसं हसली. त्या दिवशी मी छाती पुढे काढून घरी आलो.

पंधरा दिवसांनी वेल्ह्याच्या तहसील कचेरीबाहेर एक म्हातारा माझी वाट बघत उभा दिसला. धोतर, टोपी, हातात पिशवी. त्या पैलवानाचा बाप. दोन एसट्या बदलून एवढ्यासाठीच आला होता. पोराच्या कुस्त्या लांब कुठंतरी गादीवर व्हायच्या, याने कधी बघितल्या नव्हत्या. गावच्या मातीत एकदा तरी बघू दे म्हणून यानेच त्याला जत्रेत उतरवला होता.

"गुर्जी, येकच इचारतो. पोरानं कुस्ती इकली का?"

मी म्हणालो, "हो."

"तुमी बगितलं?"

"डोळ्यांनी."

"मग मिटलं," तो म्हणाला. "तुमी खोटं बोलनार न्हाई." चहा घ्या म्हटलं तर थांबला नाही.

तो गेल्यावर आधी मला त्याचाच संशय आला. पोराने माझा अंदाज घ्यायला तर पाठवला नसेल? मग हळूहळू दुसराच किडा वळवळायला लागला. डोळ्यांनी म्हणालो खरा, पण डोळ्यांनी बघितलं काय होतं? पाकीट बघितलं नव्हतं, खाणाखुणा बघितल्या नव्हत्या. एका माणसाने एक पाय धरला नाही, एवढंच बघितलं होतं. मला झोप लागेना. शेवटी ठरवलं, जाऊन पुरावाच काढायचा. खरं सांगतो, माफी मागायला नव्हे, त्याला पकडायलाच निघालो होतो.

दिवाळी झाल्यावर गेलो. भोरहून हिर्डोशीची गाडी धरली आणि पुढे तासभर चाललो. खळ्यावर भात झोडणं चाललं होतं. बाप एका कडेला, पोरगा दुसऱ्या कडेला, दोघांच्या पाठी एकमेकांकडे. मला बघून बाप उठला आणि बायकोला म्हणाला, "त्याला सांग, पाव्हन्यांना पानी दे." ज्याला 'त्याला' म्हटलं, तो पोरगा चार हातांवर उभा होता. त्या माउलीने मला आत हळूच सांगितलं, "गुर्जी, चैतापास्नं आसंच चाललंय. बाप पोराशी बोलत न्हाई. एका ताटाला बसत न्हाई."

चहा घेता घेता मी घर न्याहाळलं.

घरात भिंतीवर पदकं होती. मी ती उलटून बघितली, पदकं दुकानातही मिळतात. मग प्रमाणपत्र वाचलं. ग्रीको-रोमन, राज्यात पहिला. हा शब्द मी क्रीडा स्पर्धांच्या परिपत्रकांवर पन्नास वेळा वाचला असेल, पण ती कुस्ती जन्मात बघितली नव्हती. पी.टी. शिक्षकाने हे लिहावं, ही शरमेचीच गोष्ट आहे. शेजारी भोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणलेले फोटो चिकटवलेले होते. रशियाचे, तुर्कस्तानचे, स्वीडनचे, क्युबाचे जुने-नवे चॅम्पियन. पाणी घेऊन आत आलेला पैलवान पहिल्यांदाच मोकळा बोलला. म्हणाला, "ह्यो बगा, वर्षानुवर्षं हारला न्हाई. ह्यो पालथं झोपलेल्या गड्याला कंबरंला धरून उचलायचा. येकानंबी कुनाचा पाय धरला न्हाई, सर. धरला की पंच आडवतो. पायात पाय घालायचाबी न्हाई. त्या सातारकराला उचलला त्यो फेकायलाच, तेवढ्यात तुमची शिट्टी झाली."

"आणि हे ग्रीस-रोमपासून चालत आलंय?"

"नाव तसलं हाय. खेळ फ्रान्समदी सुरू झाला म्हनत्यात."

म्हणजे नावसुद्धा खोटं, मी मनात म्हटलं. माझी खोड जात नाही. बाहेर खळ्यावर येऊन पेंढ्यावर उभा राहिलो, उजवा पाय पुढे टाकला आणि म्हणालो, "धर हा पाय."

तो वाकला. हात माझ्या कमरेपर्यंत आले आणि थांबले. त्याने ओठ दाबून पुन्हा हात खाली नेला. मांडीला बोटं लागली, आणि तापलेल्या तव्याला लागावीत तशी मागे आली. म्हणाला, "आट वरसं वस्तादानं ह्या हातावर छडी मारलीया, सर. जातच न्हाई खाली."

हेही नाटक असू शकतं, माझं मन म्हणालं. म्हणून मी त्याला बेसावध पकडून सगळं अंग त्याच्यावर टाकलं. त्याला विचार करायला वेळच दिला नाही. माझा पाय त्याच्या गुडघ्यापाशी होता, नुसता ओढला असता तरी मी आडवा झालो असतो. पण क्षणात माझ्या कमरेला मिठी बसली, पाय जमिनीवरून सुटले, आणि मग माझं वय आठवून त्याने मला अलगद पेंढ्यावर ठेवलं.

मी तिथेच बसून राहिलो. मला स्वतःची लाज वाटली. आयुष्यभर सोंगं ओळखली म्हणून मिरवणाऱ्याला समोरचं खरं ओळखता आलं नव्हतं, आणि त्यापायी एक घर मोडायला आलं होतं.

म्हाताऱ्याकडे गेलो. म्हणालो, "दादा, माझं चुकलं. पोरगा खरा आहे."

त्याने झोडणं थांबवलं नाही. "तवा भोंग्यावर बोललात, गुर्जी. आता खळ्यावर बोलताय."

"जत्रेत भोंग्यावर बोलतो."

पैलवान मागून म्हणाला, "नका बोलू, सर. लोक म्हनतील, म्या तुमालाबी इकत घेतलं."

मी ऐकलं नाही. लोक माझ्यावर संशय घेतील, हे माझ्या डोक्यातच शिरलं नाही. पुढच्या चैत्रात त्याच मैदानात शेवटच्या कुस्तीआधी माईक घेतला. बाप-लेक येतील का, धाकधूक होती. बाप पुढच्या रांगेत मातीलगत बसला होता, पोरगा पार मागे, उभ्या लोकांत. मी सगळं सांगितलं, वरची कुस्ती काय असते तेही सांगितलं, आणि हात जोडून म्हणालो, "गेल्या साली मी खोटा होतो. तो खरा होता."

मग म्हाताऱ्याच्या मागे बसलेला एक माणूस आरामात म्हणाला, "सरांनाबी पाकीट पोचलं म्हनायचं." आजूबाजूचे हसले. बघता बघता ते हसू मैदानभर फिरलं.

म्हातारा मागे वळला. त्या माणसाच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिला. मग उठला, गर्दीतून वाट काढत मागे गेला आणि पोरासमोर उभा राहिला. मीही माईक टाकून मागोमाग गेलो होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"त्यो जे बोलला, म्या वरीसभर मनात त्येच बोलत हुतो," तो म्हणाला.

पोराने मान खाली घातली. बापाने त्याच्या हातातली पिशवी घेतली. "चल, घरला जाऊ." पोरगा लहान मुलासारखा रडायला लागला, आणि मीही डोळे पुसले. शेवटची कुस्ती न बघताच दोघे एसटीच्या रस्त्याला लागले.

या वर्षी चैत्र जवळ आला तरी बोलावणं आलं नाही. जत्रा कमिटीतला एकजण वेल्ह्याच्या स्टँडवर भेटला. इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "सर, औंदा दुसरा पंच बघितलाय. लोक काय बाय बोलत्यात."

"मी कुणाकडून काही घेतलं नाही," मी म्हणालो.

"व्हय सर, तसं कोन म्हनतंय," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता एसटीत चढला.