‘काळ्या’ म्हणजे काय?

समोरच्याला कळत नाही म्हणून शब्द निर्दोष ठरतो का? हिंगाची फोडणी दिलेल्या पॉपकॉर्नचा वास आला की मला अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या काकांचा हॉल आठवतो. ऐंशीचं दशक होतं. टीव्हीवर कॉलेज बास्केटबॉलच्या कॉन्फरन्स, म्हणजे विभागीय, टूर्नामेंटची फायनल चालू होती.

“काय उडतोय यार काळ्या!” काका ओरडले.

माझ्या शेजारी माझ्या युनिव्हर्सिटीच्या लॅबमधला कृष्णवर्णीय मित्र डॅरिल बसला होता. त्यानं विचारलं, “‘काळ्या’ म्हणजे काय?”

“चॅम्पियन,” काका म्हणाले.

पुढच्या बास्केटला डॅरिलच आनंदानं ओरडला, “काळ्या!” हॉलमधली सगळी मराठी मंडळी खो खो हसली. एरवी कॅम्पसवर समतेची पत्रकं वाटणारा मी मान खाली घालून पॉपकॉर्नच्या वाटीत बघत राहिलो. ती मान अजून वर आलेली नाही.

यंदा तुमच्याकडे मॅच लागली, तर खेळाडूचं नाव विचारून घ्या आणि त्याच नावानं ओरडा.