फाईली दोनच राहतील

माझं शिक्षण चौथी. इंग्रजी अक्षरं शिकलो ती राईस मिलच्या मशीनवरच्या पाट्या वाचून. मिलची नोकरी सुटल्यावर गोंदियाच्या एका कॉम्प्युटर क्लासात सी भाषेसाठी नाव घातलं, तेव्हा धाकटा भाऊ हसला. "दादा, सी शिकून काय धान कांडशीन?"

"परीक्षा पास करून दाखवतो. नाई केली तर तोंड नाई दाखवणार."

हे मी आमच्या गावच्या, कामठ्याच्या चौकात, चार लोकांसमोर बोललो. आता माघार नव्हती.

परीक्षेचा प्रोग्राम असा: नंबर टाका, धानाच्या जातीचं नाव येईल. नाव शोधून देणारं फंक्शन मी दुसऱ्या फाईलमध्ये ठेवलं. आमच्या घरी बियाण्याचं धान खाण्याच्या धानात मिसळत नाहीत, त्याची कोठीच वेगळी. तसंच. लिहिलेलं तपासून मशीनच्या भाषेत आणतो त्या कंपायलरनं दोन वॉर्निंग दिल्या. हे फंक्शन कुठं जाहीर केलेलं नाही, ही एक. तुम्ही पूर्णांकाचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, करून राहिले, ही दुसरी. प्रोग्राम तर चालला. मी म्हटलं, कुरकुरू दे त्याला.

परीक्षा तोंडावर आली आणि क्लासात नवे कॉम्प्युटर बसले. त्यांच्यावर नंबर टाकताच माझा प्रोग्राम कोसळला.

शिकवणाऱ्या मॅडम माझ्या सुनेच्या वयाच्या. म्हणाल्या, "बाबाजी, दोनों फाइल एक कर दो. झंझट खतम."

"बियाणं खाण्यात टाकू? नाई टाकत."

"फेल हो जाओगे."

"काऊन होईन? हा कंपायलर बोंबलून काऊन राहिला, तेवढं सांगा."

मॅडमनी कपाळाला हात लावला, पण खुर्ची ओढून समजावायला बसल्या. कंपायलर एका वेळी एकच फाईल वाचतो. दुसऱ्या फाईलमधलं फंक्शन काय परत देईल हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यानं साधा पूर्णांक धरला. माझं फंक्शन मात्र देत होतं पत्ता, नाव मेमरीत कुठं आहे त्याचा. जुन्या मशीनवर पत्ता पूर्णांकाच्या मापात बसायचा. नव्यावर पत्ता लांब, तो अर्धा कापला जायचा. अर्ध्या पत्त्यावर कोण सापडते?

"मग आधीच सांगून ठेवलं तर?"

"हाँ. ऊपर एक लाइन में."

लिहिली ओळ: हे फंक्शन पूर्णांक घेतं, अक्षरांचा पॉइंटर परत देतं. दोन्ही वॉर्निंग गेल्या. फाईली दोनच राहिल्या.

परीक्षेला बाहेरचे साहेब आले. "आजोबा, एवढ्याशा प्रोग्रामला दोन फाईली कशाला?"

"मले पाहिजेत म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नंबर टाकला. स्क्रीनवर आलं: चिन्नोर.

"दुसरा टाका," मी म्हटलं. "सगळे टाकून पाहा."